अडकतोय व्हिडिओ, बदलतोय कॉम्प्युटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं की मोबाईलवर काढलेले व्हिडिओ मोबाईलवर छान दिसतात, पण कॉम्प्युटरवर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की झटके खात चालतात आणि थोड्या वेळाने आवाज एकीकडे नि ओठ दुसरीकडे, तर काय करावं. त्यावर तुमच्या तज्ज्ञांनी दोन ओळीत उत्तर दिलंय, रॅम वाढवा नाहीतर नवीन कॉम्प्युटर घ्या. बस्स, एवढंच. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो, कारण हाच सल्ला दोन वर्षांपूर्वी मलाही मिळाला होता आणि मी तो मुकाट्याने पाळला होता. ८ जीबीची रॅम १६ केली. व्हिडिओ जसा अडकत होता तसाच अडकत राहिला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

मी काही या धंद्यातला माणूस नाही, रिटायर झाल्यावर घरच्यांचे व्हिडिओ जोडून ठेवायचा नाद लागलाय इतकंच. पण त्या रॅमच्या प्रकरणानंतर मुलीने एक साधी गोष्ट दाखवली. म्हणाली, बाबा, तो व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून बघा ना काय होतंय ते. बघितलं तर मेमरी म्हणजे रॅम अर्धीच भरलेली आणि प्रोसेसर मात्र १०० टक्क्यावर धापा टाकतोय. म्हणजे जी गोष्ट कमी पडतच नव्हती ती मी वाढवून आणली होती. हे बघायला एक मिनिट लागतं आणि आधी बघितलं असतं तर पैसे वाचले असते.

आता मूळ प्रश्न असा की तीच फाईल व्हीएलसी नावाच्या साध्या प्लेअरमध्ये लोण्यासारखी चालते मग एडिटरला, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला, काय धाड भरते? मलाही हेच कोडं होतं. याचं कारण समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१०८०पी म्हणजे फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे जवळजवळ २१ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाईट धरले आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर एका सेकंदाचे साधारण १८७ एमबी होतात. फोन तर अख्खं मिनिट ६०-७० एमबीत बसवतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ एमबी. हे कसं जमतं? तर फोन प्रत्येक चित्र पूर्ण साठवतच नाही. साधारण सेकंदाला एखादं चित्र पूर्ण ठेवतो, आणि मधल्या बाकीच्या चित्रांसाठी नुसतं लिहून ठेवतो की आधीच्या चित्रात अमुक तुकडा एवढा सरकला, तमुक तेवढा बदलला. काही चित्रं तर अशी असतात की ती मागच्या आणि पुढच्या, दोन्ही चित्रांवर अवलंबून असतात. व्हिडिओ असा दाबून लहान करायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली आलेला एच २६४ आणि २०१३ चा एच २६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, दोघंही याच तत्त्वावर चालतात, फक्त एचईव्हीसी जास्त हुशारीने दाबतो आणि म्हणून उलगडायला जास्त कष्ट घेतो.

नुसतं बघायचं असेल तर हे मस्त चालतं कारण बघणारा पहिल्यापासून सरळ पुढे जातो, आधीचं चित्र हाताशी असतंच. पण एडिट करणारा काय करतो? मधेच कुठेतरी टिचकी मारतो. आता तिथलं चित्र दाखवायचं म्हणजे सॉफ्टवेअरला मागे जाऊन आधीचं पूर्ण चित्र शोधायचं, तिथून एकेक करत वीस-पंचवीस चित्रं उलगडायची, आणि मग तुम्हाला हवं ते एक दाखवायचं. तुम्ही माऊस धरून इकडून तिकडे ओढताय तर हे सेकंदाला कितीतरी वेळा. उलटा व्हिडिओ चालवून बघा, मग तर विचारूच नका. शिवाय दोन क्लिपच्या मधे एक चित्र विरत दुसरं येतं तसा इफेक्ट टाकला की त्या जागी दोन क्लिप एकाच वेळी उलगडायच्या, म्हणून बघा झटके नेमके जोडाच्या जागीच जास्त बसतात. आणि हे १०८०पीचं झालं, ४के मध्ये ठिपके बरोब्बर चौपट.

याचा पुरावा मला घरातच मिळाला. आमच्याकडे जुन्या मिनीडीव्ही टेपवरून फायरवायर नावाच्या केबलने उतरवून ठेवलेल्या फाईली आहेत, तासाला १३ जीबी, एवढी अवाढव्य फाईल म्हणजे ही नक्की अडकणार असं वाटलं होतं, तर ती त्याच कॉम्प्युटरवर त्याच सॉफ्टवेअरमध्ये पाण्यासारखी पुढेमागे पळते. कारण डीव्हीमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र पूर्ण असतं, शेजाऱ्याकडे काही मागायला जावं लागत नाही, आणि चित्रही छोटं, ७२० गुणिले ५७६. म्हणजे फाईल मोठी की छोटी यावर काही नसतं हो, उलट छोटी फाईल म्हणजे जास्त दाबलेली, म्हणजे कॉम्प्युटरला जास्त मेहनत. हे उलटं गणित डोक्यात बसायला मला फार वेळ लागला.

तर त्या वाचकाने पहिलं काय करावं? पहिलं हे ठरवावं की दोष फाईलमध्ये आहे की फक्त प्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे काम करताना खिडकीत दिसणाऱ्या चित्रात. जिथे अडकतंय तिथला १०-१५ सेकंदाचा तुकडा एक्सपोर्ट करायचा, म्हणजे त्याची वेगळी तयार फाईल काढायची, आणि तो साध्या प्लेअरमध्ये बघायचा. तो गुळगुळीत चालला तर तुमचा व्हिडिओ उत्तम आहे, फक्त एडिटरला तो लगेच्या लगेच दाखवायला जमत नाहीये. एक्सपोर्ट करताना घाई नसते ना, एका सेकंदाच्या व्हिडिओला पाच सेकंद लागले तरी चालतात. हे न कळल्यामुळे लोक अख्खं काम अर्धवट सोडून देतात, मीही सोडलं होतं एकदा.

प्रीव्ह्यूच अडकत असेल तर प्रीव्ह्यूची क्वालिटी अर्धी किंवा पाव करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रीव्ह्यूच्या खिडकीजवळच ती सोय असते आणि तिचा शेवटच्या व्हिडिओशी काही संबंध नसतो, चित्र काम करताना जरा धूसर दिसतं इतकंच. त्याने भागलं नाही तर प्रॉक्सी. प्रॉक्सी म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या प्रत्येक क्लिपची एक हलकी नक्कल करून ठेवतं, तुम्ही काटछाट त्या नकलेवर करता, आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाईल वापरली जाते. शॉटकट, केडीएनलाइव्ह सारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा ही सोय आहे, दाविंची रिझॉल्व्हमध्ये आहे, प्रीमियरमध्ये आहे. नकला बनायला वेळ लागतो, तेवढ्यात दुसरं काहीतरी काम उरकून घ्यायचं. फक्त एक्सपोर्ट करायच्या आधी एकदा बघून घ्या की मूळ फाईलच वापरली जातेय, नाहीतर एवढी मेहनत करून शेवटी धूसर व्हिडिओ हातात यायचा. माझं १०० टक्क्यावर गेलेलं प्रोसेसरचं दुखणं या एका प्रॉक्सीने गेलं. आणि ती वाढवलेली रॅम बसलीय तशीच.

आता दुसरी गोष्ट, आवाज आणि ओठ. तुमच्या तज्ज्ञांनी हिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही आणि खरा त्रास हिचाच आहे. फोनचे कॅमेरे सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, म्हणतात खरे पण पाळतीलच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की फ्रेम थोड्या कमी काढतात, म्हणजे वेग सतत बदलता. फोनला यात काही अडचण नाही कारण फाईलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते आणि प्लेअर ती बघून चालतो. पण काही एडिटर ती वेळ न बघता सरळ ३० च्या ठेक्यात फ्रेम मांडत जातात. समजा १० मिनिटाचा व्हिडिओ आहे, ३० च्या हिशोबाने १८,००० फ्रेम हव्यात, फोनने काढल्या १७,९००. एडिटरने त्या ३० च्या वेगाने चालवल्या की चित्र शेवटाला सव्वातीन सेकंदांहून थोडं जास्तच आधी संपतं आणि आवाज मागून येत राहतो! सुरुवातीला सगळं बरोबर वाटतं म्हणून तर लक्षात येत नाही, शेवटाकडे जाता जाता फरक वाढत जातो. हीच याची खूण. फरक हळूहळू वाढत असेल तर दोष बहुधा फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम त्याचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर दुसरं काहीतरी.

तपासायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की फ्रेम रेट मोडच्या पुढे कॉन्स्टंट (एकसारखा) आहे की व्हेरिएबल (बदलता) ते लिहून येतं. व्हेरिएबल असेल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून फाईल नव्याने काढायची, हेही फुकट आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० निवडायचा, किंवा फोनने ज्या वेगाने काढलाय तो, आणि खाली कॉन्स्टंट फ्रेमरेटवर टिचकी मारायची. तिथे निवड बहुतेक वेळा पीक फ्रेमरेटवर असते, ती हलवायला विसरलात तर सगळी कसरत फुकट. क्वालिटीचा आरएफ आकडा १८ ते २० च्या आसपास ठेवा, आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं, हेही उलटंच आहे पण आहे तसं. तिथेच फास्ट डिकोड म्हणून एक चौकोन असतो, एच २६४ निवडलं असेल तर तोही टिकमार्क करा, फाईल उलगडायला थोडी हलकी होते. आणि हे सगळं एडिटिंग सुरू करायच्या आधी करायचं. टाइमलाइन म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी अर्धी झाल्यावर फाईली बदलायला गेलात तर सगळे कट सरकतात, मी स्वतः एक अख्खा दिवस घालवलाय त्यात.

जो फरक पहिल्यापासून सारखाच असतो त्याची एक गंमत सांगतो. माझ्याकडे एकदा सगळ्याच क्लिपमध्ये आवाज जरासा मागे. मी चिकाटीने प्रत्येक क्लिपचा आवाज सहा-सात फ्रेम लवकर येईल असा सरकवला, चाळीसेक क्लिप असतील, आणि एक्सपोर्ट करून घरच्यांना दाखवला तर आता आवाज आधी आणि तोंड नंतर हलतंय. झालं असं होतं की मी काम ब्लूटूथ हेडफोन लावून करत होतो! ब्लूटूथला आवाज कानापर्यंत पोचवायला थोडा वेळ लागतो, फाईलमध्ये काहीच दोष नव्हता. घरात अजून यावरून मला टोमणे बसतात. तेव्हापासून वायरचे हेडफोन.

चित्र काळं येतं आणि फक्त आवाज ऐकू येतो, हे वेगळं दुखणं. इथे एडिटरला ती भाषाच येत नसते. व्हीएलसी स्वतःचे सगळे डिकोडर, म्हणजे फाईल उलगडणारे भाग, बरोबर घेऊन फिरतं म्हणून ते काहीही चालवतं, पण अनेक एडिटर विंडोजवर किंवा सिस्टिमवर अवलंबून असतात आणि विंडोजमध्ये एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन बऱ्याचदा वेगळं घालावं लागतं. आयफोनमध्ये तर २०१७ साली आयओएस ११ आल्यापासून एचईव्हीसी हाच नेहमीचा प्रकार झालाय. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कम्पॅटिबल निवडलं की फोन पुढचे व्हिडिओ एच २६४ मध्ये काढतो, अँड्रॉइड फोनमध्येही अशी काहीतरी सोय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सापडते. फाईलच्या नावापुढे एमपी४ लिहिलंय यावर विसंबू नका, एमपी४ हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय ते डब्यावरून कळत नाही. व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि ‘जे’ (J) ही दोन बटणं एकदम दाबली की आत कुठला कोडेक आहे ते दिसतं.

हिरवं, जांभळं, फाटलेलं चित्र आलं तर बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची भानगड. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे प्रोसेसरचं काम ग्राफिक्सच्या भागाकडे देण्याची सोय, तात्पुरतं बंद करून बघा, चित्र सुधारलं तर ड्रायव्हर अपडेट करा आणि परत चालू करा. बंदच ठेवू नका, नाहीतर सगळा भार परत प्रोसेसरवर. काल नीट चालणारा प्रोजेक्ट आज उगाच अडखळायला लागला तर सॉफ्टवेअरची कॅशे, म्हणजे त्याने स्वतःसाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाईली, रिकामी करून बघा, त्याने तुमचा प्रोजेक्ट किंवा फाईली जात नाहीत, ती परत आपोआप तयार होते. रंग भगभगीत दिसत असतील तर पुढच्या व्हिडिओंसाठी फोनमधला एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त टिपायची सोय, बंद करा.

आणि लाल पडदा येऊन मीडिया ऑफलाइन असं काही लिहून आलं तर घाबरू नका. एडिटरच्या प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतातच, फक्त ते कुठे ठेवलेत त्याचा पत्ता असतो. तुम्ही फोल्डरचं नाव बदललं, किंवा पेनड्राइव्हवरून थेट काम केलं आणि पेनड्राइव्ह काढला, की पत्ता चुकला. म्हणून सगळ्या फाईली आधी कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायच्या. पेनड्राइव्हवरून थेट चालवल्या तर तसंही अडकतं. क्लाउडच्या फोल्डरचंही तेच, तिथे फाईलचं नाव दिसतं पण फाईल खरी इंटरनेटवर असते, एडिटरने हाक मारली की मग ती खाली उतरायला लागते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा, बॅटरीवर तो मुद्दाम हळू चालतो.

नातेवाइकांकडून व्हिडिओ मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो वाटेतच दाबला जातो आणि फ्रेम रेटचंही वाटोळं होतं. मग एडिटिंगमध्ये कितीही घासाघीस करा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात खरंच काळजाचं पाणी होतं. फाईल आहे, आकारही चांगला मोठा आहे, पण कुठेच चालत नाही, व्हीएलसीतही नाही. असं बहुधा रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा फोन बंद पडला तर होतं. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि ती बरेचदा रेकॉर्डिंग थांबवल्यावर सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आधीच फोन मेला तर आतला माल सगळा शाबूत पण अनुक्रमणिका नाही. अशी फाईल डिलीट करू नका. दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत, अनट्रंक नावाचं एक फुकट आहे, त्याला त्याच फोनने त्याच सेटिंगवर काढलेली एक धडधाकट फाईल नमुना म्हणून द्यावी लागते, ती बघून ते तुटक्या फाईलची अनुक्रमणिका परत रचतं. दर वेळी जमतंच असं नाही. माझी एक फाईल परत मिळाली, एक नाही मिळाली.

नवीन कॉम्प्युटर कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. फाईली एचईव्हीसीच्या, ४के च्या, सेकंदाला ६० फ्रेमच्या असतील आणि कॉम्प्युटर फार जुना असेल तर प्रॉक्सी बनवायलाच रात्र जाते, तेव्हा घ्यावा. पण मग बघायचं काय तर रॅमचा आकडा नव्हे, त्या प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डमध्ये एचईव्हीसी उलगडणारा वेगळा भाग आहे का ते बघायचं. इंटेलमध्ये हा भाग २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आला आणि जास्त रंगछटा साठवणारे १०-बिटचे व्हिडिओ त्याच्या पुढच्या म्हणजे सातव्या पिढीपासून. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या, पानावर व्हिडिओ डिकोडचा एक आलेख असतो, व्हिडिओ चालू असताना तो हलतोय म्हणजे तो भाग काम करतोय, तो सपाट आणि प्रोसेसर १०० टक्के म्हणजे तो भाग एकतर नाहीच किंवा सॉफ्टवेअर त्याला हातच लावत नाहीये. काही सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत तो मुद्दाम बंद असतो, मग तो भाग असलेला कॉम्प्युटर आणूनही त्या भागाचा उपयोग शून्य.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच की त्या सदरात उत्तर देण्याआधी प्रश्न विचारणाऱ्याकडून चार गोष्टी मागवून घेत जा, कुठल्या फोनचा व्हिडिओ, आत कोडेक कुठला, फ्रेम रेट कॉन्स्टंट की व्हेरिएबल, आणि एक्सपोर्ट केल्यावरही अडकतो का. आणि त्या वाचकाने अजून रॅम घेतली नसेल तर हे पत्र जरा लवकर छापा.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. त्या वाचकांच्या वर्णनावरून मला तरी दोन आजार एकत्र वाटतात, झटके हे कोडेकचे आणि आवाज पुढेमागे हा फ्रेम रेटचा. आधी हँडब्रेक, मग प्रॉक्सी, याच क्रमाने करा म्हणावं. उलटं केलं तर नकला परत बनवाव्या लागतील.